शाया, कुप आणि सक्स : इंग्रजीचे हेल ओळखायला आणि आवडून घ्यायला कसं शिकायचं

आमच्याकडे वऱ्हाडात शाळेला ‘शाया’ म्हणतात. केळी म्हणजे ‘केयी’, काळा म्हणजे ‘काया’, पळाला म्हणजे ‘पयाला’. बारावीनंतर पुण्याला गेलो तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझी नक्कल झाली. मग मी ‘ळ’ घोटून घोटून बसवला. काही वर्षांनी इंग्रजीच्या बाबतीत पुन्हा तेच झालं, फक्त तेव्हा नक्कल मीच करत होतो.

नागपुरात एका कॉल सेंटरच्या मुलाखतीसाठी तीन आठवडे आरशासमोर उभा राहून अमेरिकन ‘र’ वळवत होतो. निवड झाली आणि काम मिळालं ब्रिटिश ग्राहकांचं. चौथ्या की पाचव्या कॉलवर स्कॉटलंडमधल्या डंडीजवळची एक आजी आली. मी बिलाची तारीख विचारली. ती म्हणाली, “आय डिने केन.” पुन्हा विचारलं, पुन्हा ‘केन’. मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, “मॅडम, हे केन कोण? खातं त्यांच्या नावावर आहे का?” पलीकडे दोन क्षण शांतता, आणि मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. ‘डिने केन’ म्हणजे ‘ठाऊक नाही’. हा ‘केन’ आणि आपलं ‘जाणणं’ एकाच जुन्या मुळातले निघतात, हे फार नंतर कळलं.

नोकरी सुटली, गावी आलो, शेती आणि तालुक्याला इंग्रजीची शिकवणी असं सुरू झालं. हेल ऐकायचा नाद मात्र सुटला नाही. खालची पद्धत त्याच नादातून, चुकत माकत तयार झालेली आहे. साधा स्मार्टफोन, दिवसाचा दीड जीबी डेटा आणि बरे इयरफोन एवढ्यावर ती चालते.

पहिली पायरी : आधी स्वतःचा आवाज ऐका

अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ‘स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह’ नावाचा फुकट संग्रह इंटरनेटवर आहे. जगभरच्या माणसांकडून त्यांनी एकच परिच्छेद वाचून घेतलाय. ‘प्लीज कॉल स्टेला’ अशी त्याची सुरुवात, फक्त 69 शब्द. स्टेलाला दुकानातून काय काय आणायला सांगायचं, एवढाच मजकूर. अर्थाला काही नाही, पण इंग्रजीचे बहुतेक आवाज त्यात कोंबलेत.

हा परिच्छेद फोनच्या रेकॉर्डरवर दोनदा वाचा. पहिल्या वेळी आपण शाळेतल्या परिपाठासारखं वाचतो, दुसऱ्या वेळी जरा माणसात येतो. दुसरं ठेवा, नावात तारीख घाला. मग त्याच संग्रहात मराठी भाषकांनी केलेलं वाचन ऐका, आणि लगेच पाठोपाठ एखाद्या इंग्रजाचं. फरक आपोआप कानात शिरतो.

काय सापडेल? आपला ‘ट’ पहिल्यांदा. ‘स्टेला’ म्हणताना आपली जीभ टाळूकडे मागे वळते, इंग्रजाची वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला नुसती टेकते. दुसरं म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. तिथे इंग्रज हवेचा झोत सोडतो, आपण सोडत नाही. हे पाहायला कापसाचं एक पुंजकं घ्या, आपल्याकडे त्याची काय कमी! तळहातावर ओठांसमोर ठेवा आणि ‘पेन’ म्हणा. आपल्या ‘पेन’ने ते जागचं हलत नाही, इंग्रजाच्या ‘पेन’ने उडतं. उडेपर्यंत म्हणत राहा. तिसरं, ‘व’. मराठीत लिहिताना आपण ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ असा भेद करतो, बोलताना पुष्कळदा विसरतो. ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘व’ला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र आपल्याला आयती मिळालीये. ‘जरा’मधला ज आणि ‘जेवण’मधला ज आपण वेगळे म्हणतो. ‘जरा’मधल्या जकडून इंग्रजी ‘झू’ किंवा ‘चीझ’पर्यंत पोचायला एकच पाऊल लागतं. तसंच ‘ॲ’ आणि ‘ऑ’ लिहायला आपल्या लिपीत चिन्हं आहेत. हेल टिपून ठेवायचा असेल तर देवनागरीतच टिपा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये टिपला तर काहीच टिपलं जात नाही.

दुसरी पायरी : पाच खुणा

हेल ओळखायला सगळे आवाज पकडावे लागत नाहीत. बैल बाजारात माणूस शिंगं, खूर आणि दात पाहतो, इथे पाच गोष्टी पाहायच्या.

पहिली खूण ‘र’. ‘कार’, ‘फोर’, ‘फार्मर’ यांतला शेवटचा र ऐकू येतो का? बहुतेक अमेरिका, कॅनडा, स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा इथे येतो. लंडन, उत्तर इंग्लंडचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे तो गळतो, ‘काऽ’, ‘फोऽ’. आपण भारतीय बहुधा र म्हणतो, कारण आपण लिहिलेलं सगळं वाचतो.

या एका रमध्ये केवढं राजकारण आहे ते पाहा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डॉर्सेट-सॉमरसेटकडचा शेतकरी तो र ठसक्यात म्हणतो, म्हणून तिथे र म्हणजे गावंढळ. न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलटं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 मध्ये तिथल्या तीन दुकानांत जाऊन पाहिलं, एक श्रीमंतांचं, एक मध्यम, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं तो विक्रेत्यांना विचारायचा, म्हणजे उत्तर ‘फोर्थ फ्लोर’ यायचं. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचा. महागड्या दुकानात र जास्त निघाला, स्वस्तातल्या दुकानात कमी. तोच र न्यूयॉर्कमध्ये साहेबी आणि सॉमरसेटमध्ये अडाणी. हे वाचलं त्या दिवशी मला होस्टेल आठवलं आणि ‘शाया’ म्हणायला मी पुन्हा मोकळा झालो.

दुसरी खूण ‘वॉटर’मधला ट. ही सगळ्यांत मजेची. जुन्या पद्धतीचा लंडनकर साहेब ‘वॉटऽ’ म्हणतो, ट स्वच्छ आणि र गायब. अमेरिकन माणूस त्या टच्या जागी काय म्हणतो ते नीट ऐका. आपण त्याला ‘ड’ समजतो, पण तो जवळजवळ आपला ‘बरा’मधला र आहे, जिभेचा एकच हलका ठोका. म्हणजे ‘वॉरर’ म्हणायचं. पहिला र मराठी, शेवटचा र जीभ कुठेही न टेकवता मागे ओढलेला. मला तीन आठवडे आरशासमोर जे जमलं नाही ते यानंतर दोन मिनिटांत जमलं.

पूर्व लंडनचा कॉकनी माणूस ट गिळतो, ‘वॉ-अ’. मधे घशात एक झटका बसतो. हा झटका आपल्याला येत नाही असं समजू नका. लहान पोर चुलीकडे हात न्यायला लागलं की आई “अं-अं!” म्हणते ना, त्या दोन ‘अं’च्या मधे जो बंद दरवाजा आहे तोच तो. ग्लासगोतही तो भरपूर मिळतो, पण तिथे शेवटचा र टिकून असतो. ट गिळलेला आणि र शाबूत, की स्कॉटिश समजायला हरकत नाही.

तिसरी खूण ‘कप’. मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड या उत्तर इंग्लंडच्या पट्ट्यात ‘कप’ हा ‘कुप’ होतो, ‘बस’ ‘बुस’ होते, ‘लव्ह’ ‘लुव्ह’ होतं. ‘पुट’ आणि ‘कट’ यांतले स्वर पूर्वी एकच होते. दक्षिणेने ते वेगळे केले, उत्तरेने केले नाहीत. त्यामुळे ‘कुप’ म्हणणारा चुकत नाहीये, तो जुनं धरून बसलाय.

‘बाथ’ची खूणही इथेच उरकून टाकतो. दक्षिण इंग्लंडमध्ये ‘बाऽथ’, उत्तरेला आखूड ‘बॅथ’, अमेरिकेत लांब ‘बॅऽथ’.

पाचवी खूण ‘थ’. आपला ‘थ’ हा ‘त’ला हवा जोडून केलेला, इंग्रजी ‘थ’ दातांच्या फटीतून फुंकलेला. हा फुंकलेला थ खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी लोकांना नको असतो. आयरिश माणूस ‘थर्टी थ्री’ला ‘तर्टी त्री’ म्हणतो, अगदी आपल्या दंत्य तने. कॉकनी ‘थिंक’चं ‘फिंक’ आणि ‘ब्रदर’चं ‘ब्रव्हर’ करतो. कॅरिबियन माणूस ‘दॅट’ला ‘डॅट’ म्हणतो. तेव्हा थवरून कुणी तुम्हाला टोकलं तर डब्लिनचं नाव सांगा.

तिसरी पायरी : मास्तर क्रिकेटचे घ्या

परदेशी बातम्या, भाषणं यांतून हेल शिकायला गेलं की पोट्टे आठवड्यात कंटाळतात, हा माझा अनुभव. क्रिकेटचं समालोचन बरं पडतं. काय चाललंय ते डोळ्यांना दिसत असतं, शब्द ठरलेले असतात आणि एका सामन्यात चार देशांचे आवाज आळीपाळीने येतात. जुन्या सामन्यांचे तुकडे यूट्यूबवर पडलेलेच आहेत.

जेफ्री बॉयकॉटपासून सुरुवात करा. हा यॉर्कशरचा, खाणकामगाराचा मुलगा. त्याच्या ‘रबिश’ची वाट पाहा. ते ‘रुबिश’ येतं, ‘उ’ या स्वरावर पूर्ण वजन टाकून. एकदा ऐकलं की उत्तर इंग्लंड जन्मात विसरत नाही.

न्यूझीलंडसाठी इयन स्मिथ, सायमन डूल किंवा डॅनी मॉरिसन. त्यांचा ‘सिक्स’ ‘सक्स’ होतो आणि ‘फिश’ ‘फश’. यामागे एक रांग आहे. एस. टी.च्या तीन जणांच्या सीटवर चौथा आला की कसं होतं, “सरका ना बापा थोडं!” तसं तिथल्या स्वरांचं झालंय. ‘बॅट’मधला ॲ सरकून ‘बेट’ झाला. ‘बेट’ची जागा गेली म्हणून ‘पेन’ सरकून ‘पिन’ झाला. मग ‘पिन’मधला इ बाहेर ढकलला गेला आणि ‘सक्स’मधल्या ‘अ’वर जाऊन बसला. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की न्यूझीलंडचा माणूस दुसऱ्या वाक्याला पकडता येतो.

ऑस्ट्रेलियन त्याच्या शेजारचा, पण वेगळा. त्यांचा ‘डे’ जरा ‘डाय’कडे झुकतो आणि ‘मेट’ ‘माइट’कडे. आवाज संपवताना ते पुष्कळदा वर नेतात, त्यामुळे साधं विधानही प्रश्नासारखं वाटतं. पण रिची बेनॉला ऐकून ऑस्ट्रेलियन हेल शिकू नका. त्यांचा हेल मवाळ होता, त्यांची खरी कमाल गप्प बसण्यात होती.

वेस्ट इंडीजचे मायकल होल्डिंग जमैकाचे. गोलंदाज म्हणून त्यांना ‘व्हिस्परिंग डेथ’ म्हणायचे, आणि आवाज असा, की खोल विहिरीतून आल्यासारखा वाटावा. इयन बिशप त्रिनिदादचे. 2016 च्या टी-20 विश्वचषकाच्या कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात ब्रेथवेटने चार षटकार मारले तेव्हाचं त्यांचं ‘रिमेंबर द नेम’ काढून ऐका. प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन आहे. आपणही तसंच बोलतो, म्हणून कॅरिबियन हेल आपल्या कानाला परका वाटत नाही.

आणि हर्षा भोगले. मराठी घरातले, हैदराबादचे. ते कोणाची नक्कल करत नाहीत, तरी ऑस्ट्रेलियातही लोक त्यांना ऐकतात.

चौथी पायरी : शब्द काढून टाका, चाल ठेवा

इथे बहुतेक जण अडतात. पाच खुणा जमल्या तरी हेल जमत नाही, कारण हेल चालीत असतो. “काऊन बे, कुठी चाल्ला?” हे वाक्य शब्द न घेता नुसतं हुंकारून पाहा. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळेल की हा वऱ्हाडातला आहे आणि काहीतरी विचारतोय. तसंच इंग्रजीचं करायचं. दहा सेकंदांचा तुकडा निवडा, यूट्यूबचा वेग 0.75 वर आणा, तीनदा ऐका, मग तोंड मिटून त्याच्यासोबत हुंकारा. शब्द सगळ्यांत शेवटी.

इंग्रजी चालीचं गमक वजनात आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये वजन पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये ते दुसऱ्यावर सरकतं आणि पहिलं अक्षर इतकं पातळ होतं की ‘फटॉग्रफ’ ऐकू येतं, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ते तिसऱ्यावर जातं. आपण तिन्ही शब्दांत सगळ्या अक्षरांना रांगेत उभं करून सारखा भात वाढतो. इंग्रज एकाला ताट भरून देतो आणि बाकीच्यांना हातावर साखर.

पाचवी पायरी : एक निवडा

महिनाभर एकच हेल. माझी निवड सांगतो, तुमची वेगळी असू द्या. पहिला स्कॉटिश. यात त्या आजीचा वाटा आहेच, पण गावाकडचं नातंही आहे. नागपूरला 1846 मध्ये इंग्रजी शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या डन्स गावचे होते. टाकळघाटचे प्राचीन अवशेष पाहायला गेले असताना 1863 मध्ये पुरात बुडून ते गेले. हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. म्हणजे विदर्भातल्या त्या पहिल्या पोरांच्या कानावर इंग्रजी आली ती साहेबी लंडनची नसावी, ठसठशीत ‘र’ची असावी.

दुसरा यॉर्कशर. तिसरा कॅरिबियन. बर्मिंगहॅमचा हेल ब्रिटनमधल्या पाहण्यांत वारंवार तळाला जातो, मला मात्र तो बरा वाटतो, दमलेल्या माणसासारखा सरळ.

ज्याला ‘शुद्ध’ इंग्रजी म्हणतात त्या रिसीव्ह्ड प्रनन्सिएशनबद्दल थोडं. डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये उच्चारकोश काढला तेव्हा त्यांनी महागड्या निवासी शाळांतल्या मुलांचं बोलणं आधाराला घेतलं. ब्रिटनमध्ये असं बोलणारे थोडेच. 1941 मध्ये बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं आणि त्याने शेवटी ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हटलं, तर श्रोते तक्रारी करायला लागले. हा हेल ऐकायला स्वच्छ आहे, शब्दकोशांत तोच मिळतो, म्हणून आधी तो समजून घ्यायला काहीच हरकत नाही. प्रेम जडलं तर तुमची मर्जी.

सहावी पायरी : नक्कल कुठे करायची, कुठे नाही

घरात, वावरात, आरशासमोर मनसोक्त करा. नक्कल केल्याशिवाय आवाज तोंडात कुठे तयार होतो हे कळत नाही. मुलाखतीत करू नका. तीन वाक्यांनंतर ती सुटते आणि अर्धा अमेरिकन, अर्धा अमरावतीकर असा माणूस समोरच्याला दिसतो. मुलाखतीत वजन, हवेचा झोत आणि व-व्ह एवढं सांभाळलं तरी पुरे.

नर्सिंगच्या मुली आयईएलटीएससाठी विचारायला येतात, त्यांच्यासाठी वेगळं. त्या परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात 4 विभाग आणि 40 प्रश्न असतात, साधारण अर्धा तास, आणि आवाज एकदाच लावतात. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेचे असे मिसळून आवाज येतात. म्हणून त्यांनी एकाच हेलात महिना घालवू नये, दर आठवड्याला बदलावा. एखाद्या शब्दाशी अडलं तर यूग्लिश या साइटवर तो शब्द टाका, देश निवडा, खऱ्या माणसांच्या तोंडून तो शब्द एकामागून एक ऐकायला मिळतो. आकडे आणि स्पेलिंग यांवर जास्त वेळ द्या. ‘टेन’ की ‘टिन’, ‘ए’ की ‘आय’ इथेच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे आवाज मार्क खातात.

ऐकायचं कधी

माझी वेळ ओलिताची. रब्बीत लाइन रात्रीची असते, मोटर लावायची, चण्याला पाणी सोडायचं आणि दर अर्ध्या तासाने स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे. मधला वेळ कानांना मोकळा. तुकडे दिवसा रेंज असताना उतरवून ठेवा, कारण वावरात नेटवर्कचा भरवसा नाही. इयरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान रानडुकरांसाठी आणि मोटरच्या आवाजासाठी. मोटरचं पाणी ओढणं सुटलं की तिचा सूर बदलतो, तो कळला नाही तर मोटर जळते आणि हा छंद फार महागात पडतो.

मागच्या हिवाळ्यात धुऱ्यापलीकडचा शेजारी काका असाच रात्री शेकोटीपाशी येऊन बसला. “काय आयकून रायला बे इतक्या राती?” मी मोकळा इयरफोन त्याच्या कानात दिला. बॉयकॉट चालू होता, कुठल्याशा फलंदाजाने सरळ चेंडू सोडून त्रिफळा उडवून घेतला होता. काकाने पाच मिनिटं मान हलवत ऐकलं आणि इयरफोन परत दिला.

“समजलं काई नाई,” तो म्हणाला, “पन कोनाले तरी लय झापून रायला तो.”